खलनायकाची पंगत

कार्टूनमधल्या खलनायकाला खरोखरची शिक्षा व्हायला हवी की नको, या प्रश्नावर माझ्याशी आयुष्यात एकच माणूस हमरीतुमरीवर आला, आणि नेमकी ती माझी घरमालकीण होती. दुसरं कुणी असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. घरमालकिणीला असं सोडून देता येत नाही. ती तळमजल्यावर राहते, पाण्याच्या पंपाचं बटण तिच्या स्वयंपाकघरात असतं आणि आपला जिना तिच्या दारावरून जातो.

आम्ही तेव्हा सुकापूरला भाड्याने राहत होतो. नवऱ्याची नोकरी तळोज्याला होती आणि माझं काम वाशीच्या एका लहानशा स्टुडिओत. परदेशी कार्टूनचे संवाद मराठीत लिहायचे, हे ते काम. ऐकायला सोपं वाटतं. पडद्यावरचं तोंड जितका वेळ हलेल तितकाच वेळ आपली मराठी चालली पाहिजे, आणि तोंड मिटलं की वाक्य संपलं पाहिजे. मूळ भाषेत तो माणूस 'ओ' म्हणत असेल तर मराठीत 'ई' म्हणून चालत नाही, कारण ओठ गोल असतात. या ओठांपायी मी कित्येक चांगल्या वाक्यांचे बळी दिले आहेत.

घर बघायला गेलो तेव्हा बाईंनी नवऱ्याला पगार विचारला नाही. मासे खाता का, एवढं विचारलं, आणि मग माझ्याकडे वळून तू काय करतेस म्हणाल्या. मी जरा तोऱ्यातच सांगितलं की पाच वाजता लागतं त्या कार्टूनचं मराठी मी लिहिते. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"म्हंजे त्या कडबोल्याला तू बोलवतेस?"

मी हो म्हणाले. घर त्याच मिनिटाला ठरलं. मला वाटलं, चला, कलेची कदर करणारी मालकीण मिळाली. प्रत्यक्षात बाईंना बऱ्याच दिवसांपासून हवा असलेला आरोपीचा साथीदार आयता घरी चालत आला होता.

हा कडबोल्या म्हणजे डॉक्टर कडबोळे. मूळ नाव आमच्या स्टुडिओत कुणालाच उच्चारता येईना आणि त्याच्या मिशांची टोकं कडबोळ्यासारखी वळलेली होती, म्हणून मी त्याचं हे बारसं केलं होतं. तो दर भागात काहीतरी पळवायचा. कधी गावातलं घड्याळ, कधी तळ्याचं पाणी, एकदा तर सगळ्या लोकांच्या सावल्या. मग चष्मा लावणारी एक हुशार खार त्याचंच यंत्र त्याच्यावर उलटवायची आणि हा आकाशात भिरकावला जायचा. जाता जाता ओरडायचा, "पुन्हा येईन, बघून घेईन." दुसऱ्या दिवशी पाच वाजता तो दिलेला शब्द पाळायचा.

माझी लेक तेव्हा सहा वर्षांची होती. मी वाशीहून येईपर्यंत ती खाली बाईंकडे असायची, आणि दोघी मिळून कडबोळ्यांचा भाग बघायच्या. लेक त्यांना आजी म्हणायची, बाकी सगळी बिल्डिंग मावशी म्हणायची, म्हणून मीही मावशी म्हणू लागले.

मावशींनी नुकतीच साठी ओलांडली होती. आमची बिल्डिंग उभी होती ती जागा म्हणजे एके काळचं त्यांचं भातशेत. नवरा आणि सासरा दोघे गेलेले, मुलगे वरच्या मजल्यांवर आपापल्या संसारात. गळ्यात दागिने असे की बघणाऱ्याची मान दुखावी, आणि ते सगळे घालून त्या गच्चीवर सुकट वाळवायला बसायच्या. तरुणपणी लग्नाघरी धवले गायला त्यांना गावोगावी बोलावणं असायचं. हळदीच्या मांडवात माइकशिवाय शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणारा तो आवाज होता, आणि पुढे तो भाडेकरूंच्या वाट्याला आला.

त्यांचा एक कायदा होता. चूक झाली की दंड, दंड झाला की विषय बंद. जिन्यातला दिवा दिवसा चालू राहिला, एक नारळ. गेट उघडं ठेवून गाय आत आली, एक नारळ. नारळ आणून त्यांच्या दारातल्या पाटावर ठेवायचा आणि "चुकलो" म्हणायचं. मनातल्या मनात नाही, मोठ्याने. तिसऱ्या मजल्यावरचा एक अविवाहित इंजिनियर इतका विसराळू होता की तो बाजारातून येतानाच जास्तीचे नारळ घेऊन यायचा. जमलेल्या नारळांच्या वड्या करून मावशी सगळ्या बिल्डिंगला वाटायच्या, आणि ज्याच्या चुकीच्या वड्या असतील त्याला दोन जास्त द्यायच्या.

मला हा कायदा सुरुवातीला हुकूमशाही वाटायचा. एक दिवस मावशी स्वतःच पंप बंद करायला विसरल्या आणि टाकी वाहून जिन्यात धबधबा झाला. मी म्हटलं, आता बघू. संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. मोठी चूक असेल तर नारळ पुरत नाही, जेवण घालावं लागतं, असं कलम निघालं. मावशींनी सबंध बिल्डिंगला तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण खाऊ घातलं, स्वतः वाढलं आणि सगळ्यांची पानं उठल्यावर सगळ्यात शेवटी बसल्या. दंड भरणाऱ्याने शेवटी बसायचं असतं. पण बसायचं पंगतीतच, बाहेर नाही. यावर त्यांचा फार कटाक्ष होता.

दोन दिवसांनी मी सहज बोलून गेले की मावशी, परवा टाकी वाहिली तेव्हा माझी पायपुसणी वाहून गेली. त्यांनी हात पुढे केला. संपलेला विषय काढल्याबद्दल मला एक नारळ पडला.

हेच कायदे त्यांच्या माहेरी आणि सासरी, दोन्ही गावांत पूर्वी चालत. गुन्हा केलेल्याने गावदेवीपुढे नारळ ठेवायचा, चार पंचांसमोर कबूल व्हायचं, गावाला जेवण घालायचं आणि त्याच पंगतीत सगळ्यांबरोबर जेवायचं. त्यानंतर कुणी त्याला चोर म्हणालं तर म्हणणाऱ्याला दंड. गावात पंच नावाला उरले होते, पण मावशींच्या मनातलं न्यायालय जोरात चालू होतं, आणि त्यात रोज संध्याकाळी डॉक्टर कडबोळे हजर केले जात होते.

त्यांचा मुख्य आक्षेप असा, की कडबोळ्यांना आजवर दंड झालेलाच नाही.

मी म्हटलं, "अहो मावशी, रोज आकाशात भिरकावतात की त्याला."

"वर उरवला तो काय दंड झाला? लोका पैसं भरून इमानात बसतान. ह्यो फुकट गेला."

माझी लेक तुरुंगाच्या बाजूची होती. सहा वर्षांच्या मुलांना तुरुंग फार आवडतो. मावशींना तुरुंग अजिबात पसंत नव्हता. आत बसून तो दुसरं यंत्र बनवील, म्हणाल्या, आणि आपणच त्याला भात पुरवायचा. शिवाय तळ्याचं पाणी त्याने पळवलं तेव्हा ज्यांची शेती वाळली त्यांचं काय? ते तुरुंगात टाकून परत येतं का? त्या खारीलाही त्यांनी सोडलं नव्हतं. पंचांना न विचारता माणूस उडवून देणारी ती कोण, तिलाही एक नारळ, असा निकाल होता.

मी आपलं परोपरीने समजावलं. हे कार्टून आहे, ती चित्रं आहेत, चित्रांना शिक्षा होत नाही आणि चित्रांची शेतीही वाळत नाही. त्याने पहिल्याच भागात माफी मागितली तर दुसऱ्या भागात दाखवायचं काय? माझं घर कडबोळ्यांच्या दुष्टपणावर चालतं, हेही सांगून बघितलं.

"मंग दुसरा आनावा," मावशी म्हणाल्या. "गावात चोर एकच असतो काय?"

मी वर गेले आणि पुढच्या एका भागात कडबोळ्यांकडून गावातली सगळी उशापांघरुणं पळवून घेतली. मुद्दाम नाही, मूळ गोष्टच तशी होती. पण मावशी आठवडाभर माझ्याकडे पांघरूणचोराची बायको असल्यासारख्या बघत होत्या.

कधी कधी त्यांचे प्रश्न मला कोड्यात टाकायचे. एकदा म्हणाल्या, ह्याला आई नाही का? मी म्हटलं, दाखवलेली नाही. बहीण? तीही नाही. "कोनी तरी असल ना," असं म्हणून त्या बराच वेळ बंद टीव्हीकडे बघत बसल्या. मला वाटलं, वय झालं की माणूस असं करतं.

पहिल्या वर्षीच्या दिवाळीत मला त्याचा उलगडा झाला. भाऊबीजेच्या दिवशी मी फराळाचं ताट द्यायला खाली गेले तर मावशींनी पाट मांडला होता, भोवती रांगोळी, ओवाळणीचं तबक तयार, स्वतः हिरवी नऊवारी नेसून उंबऱ्यात. मी विचारलं, भाऊ कुठून यायचेत. गव्हाणहून, म्हणाल्या. सुकापूरहून गव्हाण म्हणजे रिक्षाने फार तर पाऊण तास. दुपार झाली, संध्याकाळ झाली, पाट रिकामाच. दिवेलागण झाली तशा मावशी तबक घेऊन गच्चीवर गेल्या आणि त्यांनी चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. यांचा तर धडधाकट भाऊ तिकडे गव्हाणला नातवंडांत बसलेला होता. मी तिथेच होते. मला रडू आलं, आणि मावशींनी मला तबकातला पेढा देऊन गप्प केलं.

मग त्यांनी भावाची गोष्ट सांगितली. तो धाकटा. चाळीसेक वर्षांपूर्वी, मावशी नुकत्या लग्न होऊन सुकापुरात आल्या होत्या, तेव्हाची. सासऱ्यांकडे फाकडा नावाचा शर्यतीचा बैल होता आणि सासऱ्यांचा त्याच्यावर मुलापेक्षा जास्त जीव. एका शर्यतीत फाकड्याची गाडी आणि गव्हाणची गाडी समोरासमोर आल्या. सासऱ्यांनी चारचौघांत सांगून टाकलं की फाकडा हरला तर मी मिशी उतरवीन. आदल्या संध्याकाळी भाऊ बहिणीला भेटायला म्हणून आला, पाहुणचार घेतला आणि जाता जाता गोठ्यात शिरून फाकड्याला टोपलीभर भाकऱ्या आणि गूळ चारून गेला. दुसऱ्या दिवशी झेंडा पडला. सगळ्या गाड्या धावल्या. फाकडा चार ढांगा गेला, थांबला, मैदानाच्या मधोमध बसला आणि डोळे मिटून रवंथ करू लागला. सासऱ्यांनी शेपटी पिरगाळली, पाया पडले, शेवटी त्याच्याशेजारी स्वतः बसले. त्याच संध्याकाळी मिशी उतरली. पुढे पुन्हा वाढवली, पण डावी बाजू पहिल्यासारखी आली नाही ती नाहीच.

हे सांगताना मावशी इतक्या हसत होत्या की त्यांचा श्वास अडकला.

भावाला शेजारणीने गोठ्यातून निघताना पाहिलं होतं. पंचांनी त्याला बोलावणं धाडलं, की ये, नारळ ठेव, जेवण घाल, विषय मिटव. तो आला नाही. आणि दंड भरला नाही तर बहिणीच्या दारात पाऊल कसं टाकणार? सासरे वारले, नवरा वारला. दोन्ही वेळा तो स्मशानात आला, लांब उभा राहिला आणि घराकडे न येता परस्पर परत गेला. अलीकडे त्याने निरोप पाठवला होता की आता कुणाला आठवतंय, मी असाच येतो. मावशींनी उलट निरोप धाडला की असा नाही, नारळ घेऊन ये. त्यावर त्याचं म्हणणं, नातवंडं झाल्यावर एका बैलापायी आता काय नारळ ठेवू. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे दोन सुंभ होते.

मी म्हटलं, मावशी, येऊ द्या की तसाच. तुमचाच भाऊ आहे.

"तसा आला तर चोरावानी कोपऱ्यात बसल. मना तो पंगतीत पायजे," त्या म्हणाल्या. आणि वर, "दोगांतला एक गेला म्हंजे दंड कोन भरनार आनि घेनार कोन?"

त्यानंतर मला कडबोळ्यांचा खटला हसण्यावारी नेता येईना. त्यातच मावशींच्या भावजयीकडून बातमी आली की भाऊ म्हातारपणी नातवाच्या नादाने कार्टूनच्या आहारी गेला आहे, पाच वाजले की कुणाला टीव्हीला हात लावू देत नाही. म्हणजे रोज पाच वाजता ही सुकापुरात आणि तो गव्हाणात, दोघं एकाच कडबोळ्यांकडे बघत बसलेले असत. मावशींनी ही बातमी मला सांगितली. मग माझ्याकडे बघितलं. घरमालकिणीचं असं बघणं भाडेकरूला बरोबर कळतं.

पुढच्या दिवाळीच्या दोनेक महिने आधी मालिकेचा शेवटचा भाग माझ्याकडे आला. त्यात नेहमीसारखं भिरकावल्यावर कडबोळे आकाशातून खाली येतात आणि थेट गावाच्या मेजवानीत, लांबलचक टेबलावर पडतात. अंगभर शेवया, डोक्यावर केक. सगळं गाव हसतं. कडबोळे उठून दोन्ही हात वर करतात आणि बरंच काही बोलतात. मूळ भाषेत ते म्हणत होते की मी तुम्हा सगळ्यांचा द्वेष करतो आणि आणखी मोठं यंत्र घेऊन येणार आहे.

मी ते दृश्य आवाज बंद करून परत परत बघितलं. दोन्ही हात वर, समोर गाव, समोर पंगत. ओठ मोजले. बसत होतं. अगदी गोल ओठांच्या जागी 'चुकलो'मधला 'लो' येत होता. असा योग मला अख्ख्या कारकिर्दीत आला नव्हता.

मी लिहिलं, "चुकलो, गावकऱ्यांनो, चुकलो. देवीपुढे नारळ ठेवतो, आजचं जेवण माझ्याकडून, आणि मी बसतो शेवटी."

कडबोळ्यांना आवाज देणाऱ्या आमच्या कलाकाराने ते वाचलं. मूळ चित्रात देवी कुठे आहे, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, चौकटीच्या बाहेर आहे. त्याने असा जीव ओतून संवाद म्हटला की काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकाने नाक शिंकरलं. तपासणारी मंडळी दुसऱ्या राज्यातली होती, त्यांना मराठी येत नव्हती. ओठ जुळतात एवढं बघून त्यांनी पास केलं.

भाग लागला तेव्हा मी मुद्दाम लवकर येऊन मावशींकडे बसले होते. कडबोळे टेबलावर पडले, उठले, बोलले. माझी लेक म्हणाली की हे चीटिंग आहे, तो अजून तुरुंगात गेला नाही. मावशींनी पदराने तोंड पुसलं आणि उठून देवाजवळ दिवा लावला. थोड्या वेळाने फोन वाजला. मावशी मोबाइल कायम स्पीकरवर टाकून बोलत, कारण कानाला लावला की कुड्या टोचत. पलीकडून एक म्हातारा आवाज आला.

"बाय, कडबोल्याने नारल ठेवला. बगितलास?"

"बगितला," मावशी म्हणाल्या. "लिवनारी माज्या घरात ऱ्हाते."

मग तो म्हणाला, भाऊबीजेला येतो. नारळ घेऊन येतो.

माझ्या बाजूने सांगायचं तर करावे तसे भरावे. दिवाळीच्या सुट्टीआधीच मला स्टुडिओत बोलावून घेतलं. कुण्या पालकाने कौतुकाने लिहून कळवलं होतं की तुमच्या खलनायकाने किती छान माफी मागितली, आणि ते कौतुक फिरत फिरत मूळ कंपनीपर्यंत पोहोचलं होतं. पुढची मालिका आधीच विकलेली असल्यामुळे डॉक्टर कडबोळ्यांना माफी मागण्याची परवानगी नाही, असं त्यांनी कळवलं. माझ्याकडून ती मालिका काढून घेतली आणि अंक शिकवणाऱ्या भाज्यांचा कार्यक्रम दिला. त्यात खलनायकच नाही. कारलंसुद्धा गोड बोलतं. मी घरी येऊन तोंड पाडून सांगितलं, तर मावशी म्हणाल्या, झालं, तुझा दंड भरून झाला, आता विषय बंद, जेवायला बस.

भाऊबीजेला सकाळी रिक्षा गेटशी थांबली. त्यातून पांढरं धोतर, टोपी आणि हातात नारळ असलेला एक लहानखुरा म्हातारा उतरला. मी मनात मोठ्या मिशांचा कुणीतरी रंगवला होता. हा इतका साधा होता की इंजिनियरने त्याला वर्गणीवाला समजून खिशात हात घातला. मावशी दाराबाहेर आल्या, पण त्याला आत बोलावलं नाही. आधी देऊळ. त्या पुढे, तो मागे, त्यांच्या मागे मुलगे-सुना, मी, लेक आणि अर्धी बिल्डिंग, अशी वरात गावदेवीकडे निघाली. जुन्या पंचांपैकी तिघे अजून होते. त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं, तरी न्यायाला कमी नको म्हणून त्याला खुर्चीसकट आणून बसवला होता.

भावाने देवीपुढे नारळ ठेवला. "मी चुकलो," तो म्हणाला. "शर्यतीच्या आदल्या दिशी फाकड्याला भाकऱ्या मी घातल्या. दंड कबूल हाय."

सगळ्यात वडील पंचाने मान हलवली आणि तो नारळ उचलायला वाकला. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, थांबा. त्यांनी पदराखालून दुसरा नारळ काढला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला.

"बाय, नको गो," भाऊ म्हणाला.

"नको काय? यवरी वर्षं तू एकट्याने भरलास." मग त्या पंचांकडे वळल्या. मांडवाच्या टोकापर्यंत पोहोचणारा तो आवाज त्या दिवशी पहिल्या ओळीलाही जेमतेम आला. "भाकऱ्या मी थापल्या. गूल मी दिला. गोठ्याची कडी मी काढली."

मावशींचे मुलगे एकमेकांकडे बघत होते. टोपलीभर भाकऱ्या दुसऱ्याच्या घरातून त्या पाहुण्याला मिळाल्या कशा, हा साधा प्रश्न चाळीस वर्षांत कुणाच्या डोक्यात आला नव्हता. माझ्याही नाही, आणि मी तर गोष्टींवर पोट भरणारी बाई. सासरे सकाळ-संध्याकाळ सुनेला तिच्या माहेरच्या बैलांवरून टोचत, शेळ्या म्हणत. नव्या नवरीने ते गिळलं, गिळलं आणि एके दिवशी भाकऱ्या थापायला बसली. पंचांनी बोलावलं तेव्हा भाऊ आला असता तर त्यांनी पहिलं विचारलं असतं की भाकऱ्या कुठल्या. देवीपुढे खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलला असता तर बहिणीचं सासर सुटलं असतं. म्हणून तो आलाच नाही. सासरा गेला, मेहुणा गेला, तरी आला नाही, कारण आता तिची मुलं होती. आणि ही इकडे त्याला नारळ घेऊन ये, नारळ घेऊन ये म्हणत राहिली, ते तिलाही तिचा नारळ ठेवायचा होता म्हणून. एकटीने ठेवला असता तर भावाने तिच्यासाठी आयुष्यभर पाळलेलं मौन वाया गेलं असतं. मला तिथे उभं राहून त्या दोघांचा राग आला, इतकी वर्षं फुकट घालवल्याबद्दल, आणि दोघांना जवळ घ्यावंसंही वाटलं.

माझी लेक माझा हात सोडून पुढे गेली. ती या प्रकरणात पहिल्यापासून सरकारी वकील होती. तिने दोन्ही नारळ नीट बघितले आणि मान वर करून विचारलं, "आजी, म्हणजे तू पण व्हिलन?"

"व्हते गो," मावशी म्हणाल्या. "आतापरेंत."

पंचांनी दोन्ही नारळ फोडले. मावशींनी पदर खोचला, भाताची पातेली पार्किंगमध्ये आणायला मुलांना पिटाळलं आणि भावाच्या हातात वाढायची बादली देऊन त्याला पुढे घातलं.